९९ रुपयांचं डोमेन मला किती महागात पडलं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी घेतलेले पॉज आणि शंभर वेळा म्हटलेलं 'म्हणजे' काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. परभणी जिल्ह्यातून एका मुलीनं पाठवली. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. हिनं फोनवर तीसेक ओव्या रेकॉर्ड केल्यात, आणि आजी त्यांचा जो अर्थ सांगते त्यासकट तिला त्या एका ठिकाणी लिहून ठेवायच्या आहेत. ती म्हणाली, "इन्स्टावर टाकलं की चार दिवसांनी मलाच सापडत नाही." लॅपटॉप नाही, फक्त फोन. बजेट वर्षाला हजार रुपये. ओळखीतल्या एकानं वेबसाइट बनवून द्यायचे आठ हजार सांगितलेत. तर दादा, हजारात होईल का?

होईल. थोडे परतही उरतील. पण कसं होईल हे सांगायच्या आधी मला माझी एक चूक सांगायचीय. तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न कुणी विचारला असता तर मी अगदी झोकात चुकीचं उत्तर दिलं असतं.

माझे आजोबा एसटीत ड्रायव्हर होते. सातारा जिल्ह्यात, बरीचशी वर्षं मुक्कामी गाडीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी उशिरा एखाद्या आडगावात पोचणार, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपणार, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघणार. त्यामुळे आजोबांकडे गोष्टींचा साठा होता. २०१८ मध्ये मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मला वेबसाइट बनवायची नुसती खाज होती. विषय कुठला? तर आजोबा समोरच बसलेले होते. २०२० पर्यंत मी त्यांच्याकडून ऐकून चौदा गोष्टी लिहिल्या. घाटात बंद पडलेली गाडी, बाळंतपणाला निघालेली बाई, बहात्तरच्या दुष्काळातल्या फेऱ्या.

डोमेन घेतलं ९९ रुपयांत. होस्टिंग एका फुकटवाल्या कंपनीचं, त्यावर वर्डप्रेस. डोमेनला ईमेल दिला कॉलेजचा, कारण त्यावर स्टुडंट डिस्काउंट मिळतं असं कुणीतरी सांगितलं होतं. (मिळालं नाही.) कार्ड सेव्ह करून ऑटो-रिन्यूवर टिक केली आणि विसरून गेलो.

पुढं काय झालं ते ऐका. मी पास झालो, कॉलेजनं यथावकाश मेल आयडी बंद केला. तरी रिन्यूअल होत राहिलं, कारण कार्डातून पैसे आपोआप जात होते. मग १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नवे नियम लागू झाले. आपण पुन्हा एकदा परवानगी दिल्याशिवाय कार्डातून आपोआप पैसे कापले जाणार नाहीत, असा तो नियम. नियम चांगलाच आहे, माझी काही तक्रार नाही. पण ऑगस्ट २०२२ मध्ये माझं रिन्यूअल फेल झालं आणि त्याची सूचना गेली कुठे? बंद पडलेल्या मेलवर.

डोमेनची मुदत संपली म्हणजे ते त्याच दिवशी जात नाही, हे मला नंतर कळलं. डॉट कॉमचं असं असतं: आधी कंपनी काही दिवस सवलत देते, नेहमीच्याच दरात रिन्यू करता येतं. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन पिरियड, त्यात सोडवून घ्यायला जबरी दंड लागतो. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. आणि मग ते बाजारात खुलं. म्हणजे मला दोन महिन्यांच्या वर वेळ होता. मी ऑफिसात दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळत होतो.

जानेवारी २०२३ मध्ये आजोबा गेले. तेराव्याच्या आदल्या दिवशी काकांनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'अण्णांच्या आठवणी आपल्या पोरानं लिहून ठेवल्यात, सगळ्यांनी वाचा', आणि खाली माझ्या साइटची लिंक टाकली. सत्तर-ऐंशी माणसांचा ग्रुप. पाच मिनिटांनी आत्याचा फोन आला. ती चिडली नव्हती, नुसती गोंधळली होती. म्हणाली, "अरे, हे पत्ते खेळायचं कायतरी उघडतंय."

ऑनलाइन रमीची जाहिरात होती. माझ्या आजोबांच्या नावाच्या पत्त्यावर.

होस्टिंगवाल्यांनी तर खातं आधीच डिलीट केलं होतं, बरेच दिवस लॉगिन नाही म्हणून. बॅकअप? मी इंजिनिअर आहे हो, मी कशाला बॅकअप घेतोय.

मग शोधाशोध. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे, जुन्या वेबसाइटच्या प्रती जपून ठेवतं, तिथं चौदापैकी नऊ गोष्टी सापडल्या. तीन आत्याकडे मिळाल्या. तिनं त्या कॉपी करून मैत्रिणींना फॉरवर्ड केल्या होत्या; परिच्छेद सगळे एकत्र झालेले, मध्येमध्ये हात जोडलेले इमोजी, पण मजकूर पूर्ण. उरलेल्या दोन गेल्या. त्यातली एक कोयनेच्या भूकंपाची होती, ११ डिसेंबर १९६७ ची. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी तो झाला. आजोबा तेव्हा पाटण तालुक्यात एका गावी मुक्कामी गाडीत मागच्या सीटवर झोपले होते. जाग आली तेव्हा त्यांना वाटलं हँडब्रेक सुटला, गाडी उतारानं चाललीय, आणि ते अंधारात पुढं ब्रेककडे धावले. एवढं मला आठवतं. त्यानंतर त्या गावात काय झालं, सकाळी त्यांनी गाडी कुठं नेली, कुणाला घेऊन नेली, हे सगळं त्यांनी मला तासभर सांगितलं होतं आणि मी लिहिलं होतं. आता ते माझ्या डोक्यात नाही आणि विचारायला माणूस नाही.

असो. आता हजार रुपयांचा हिशोब.

वेबसाइटचे तीन भाग असतात. पत्ता, जागा आणि सामान. पत्ता म्हणजे डोमेन, जागा म्हणजे होस्टिंग, सामान म्हणजे तुमचं लेखन, फोटो, ऑडिओ. दुकानदार आपल्याला तिन्हीचं एकच गाठोडं विकतो. आपण ते सोडून बघायचं.

जागा आज फुकट मिळते, आणि चांगली मिळते. गिटहबची पेजेस नावाची सेवा आहे, तिथं साधी साइट फुकट ठेवता येते. साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याला साधारण १०० जीबी वापर, अशी मर्यादा. ऐकायला कमी वाटतं ना? हिशोब करू. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट घेतं. दोन हजार शब्दांचा लेख म्हणजे बारा-तेरा हजार अक्षरं, म्हणजे ४० केबीच्या आत-बाहेर. तुमच्या फोननं काढलेला एक फोटो ३-४ एमबीचा असतो. एका फोटोच्या जागेत शंभरेक लेख बसतात! डिझाइन वगैरे धरून पान १०० केबीचं झालं तरी १०० जीबीमध्ये महिन्याला दहा लाख वेळा ते उघडता येईल. आपल्या साइटवर दहा लाख वाचक आले तर पुढचं पुढं बघू, पेढे मी देतो.

त्यामुळे '६९ रुपये महिना' अशी होस्टिंगची जाहिरात दिसली की जरा थांबा. पेमेंटच्या पानावर गेलात की कळतं, तो दर चार वर्षांचे पैसे आत्ता भरले तरच. ६९ गुणिले ४८, ३,३१२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, ३,९०८. आणि चार वर्षांनंतरचा दर वेगळाच असतो, बारीक अक्षरात. दुकान चालवायचं असेल, लॉगिन, ऑर्डर, असलं काही असेल तर असं होस्टिंग लागेलही. ओव्या आणि आठवणींना लागत नाही.

एसएसएलचं पण तेच. काही ब्राउझरमध्ये पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह दिसतं ते. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा सेवा ही सर्टिफिकेटं २०१५-१६ पासून फुकट देतेय. त्याचे वर्षाला हजार-दोन हजार कुणी वेगळे मागत असेल तर नमस्कार करून पुढं जा.

आता जागा नक्की कुठली? इथं मी माझं मत बदललंय. पूर्वी मी प्रत्येकाला सांगायचो, गिटहब पेजेस घे, जेकिल किंवा ह्यूगो शीक, मार्कडाउनमध्ये लिही. माझी स्वतःची साइट आता तशीच आहे आणि मला ती फार आवडते. सगळं लेखन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एक प्रत लॅपटॉपवर, एक गिटहबवर, एक पेनड्राइव्हवर. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे आणि थोडी खटपट करायची तयारी आहे, त्यांनी हेच करावं. पण फक्त फोन असलेल्या मुलीला मी जेकिल सांगणं म्हणजे पोहायला शिकायचंय म्हटल्यावर आधी विहीर खणायला लावण्यासारखं आहे. तिच्यासाठी ब्लॉगर.

हो, तेच जुनं ब्लॉगस्पॉट. हसू नका. १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये गूगलनं घेतलं, अजून चालू आहे. फोनच्या ब्राउझरमधून लिहिता येतं, स्वतःचं डोमेन जोडायला पैसे लागत नाहीत, एसएसएल फुकट. उद्या गूगलनं बंद केलं तर? करू शकतं. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. म्हणून तर पत्ता आपला हवा आणि सामानाची प्रत आपल्याकडे हवी. मधली जागा मग बदलता येते. भाड्याचं घर सोडलं तरी आपला मोबाइल नंबर तोच राहतो ना, तसं.

म्हणजे पैसे लावायचे ते पत्त्यावर.

पत्त्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: डोमेन 'विकत' मिळतच नाही. तो भाडेकरार असतो. आपल्याकडे घराचा अकरा महिन्यांचा करार करतात, तसा हा वर्षाचा, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. करार संपला, नवा केला नाही, की बाहेर. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉट कॉमचा होलसेल दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला, म्हणजे नऊशेच्या आसपास रुपये. एवढे पैसे विक्रेत्याला वर भरावेच लागतात. मग तो तुम्हाला ९९ ला कसा देतो? पहिल्या वर्षी पदरचे घालतो, दुसऱ्या वर्षापासून वसूल करतो. म्हणून डोमेन घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघायचीच नाही. 'रिन्यूअल' असं लिहिलेला आकडा शोधायचा आणि त्यात जीएसटी मिळवायचा. हजाराच्या बजेटमध्ये डॉट इन बरं बसतं. कंपनीनुसार फरक पडतो, पण रिन्यूअल साधारण सहाशे ते नऊशेच्या घरात मिळू शकतं. डॉट एक्सवायझेड, डॉट ऑनलाइन वगैरे पहिल्या वर्षी चहाच्या किमतीत मिळतात. दुसऱ्या वर्षीचा आकडा बघा आणि मला सांगा.

देवनागरीत डॉट भारत पण मिळतं, २०१४ पासून. मराठी माणूस म्हणून मला मोह झाला होता. पण लिंक कॉपी करून कुठं पेस्ट केली की बऱ्याचदा 'एक्सएन' आणि दोन डॅशनं सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात, आणि आपल्या काकांना ती लिंक फ्रॉडची वाटते. हौस म्हणून दुसरं डोमेन घ्या. पहिलं नको.

घेताना ईमेल स्वतःचा, कायमचा. कॉलेजचा नाही, कंपनीचा नाही, मित्राचा नाही. त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. आणि वेबसाइट बनवून देणाऱ्या माणसाला डोमेन घ्यायला लावू नका; घेतलंच तर तुमच्या खात्यात, तुमच्या नावावर घ्यायला सांगा. माझ्या मित्राच्या वडिलांच्या दुकानाचं डोमेन अशाच एका ओळखीच्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. आता तो फोन उचलत नाही आणि दुकानाच्या पाटीवर, बिलावर, टेम्पोवर तोच पत्ता रंगवलाय.

अजून एक. डोमेन घेतलं की आठवडाभर फोन येतील. 'सर, वेबसाइट डेव्हलपमेंट, लोगो, एसईओ.' घाबरू नका, काही चुकलेलं नसतं. नाही म्हणा आणि ठेवा.

आता ताई, तुझ्यासाठी. आज एकही रुपया खर्च करू नकोस. ब्लॉगरवर फुकटच्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर सुरू कर आणि पाच ओव्या लिही. पाच झाल्या आणि सहावी लिहावीशी वाटली, तर डोमेन घे. नंतर डोमेन जोडलंस की जुन्या ब्लॉगस्पॉटच्या लिंक आपोआप नव्या पत्त्यावर वळतात, म्हणजे उशीर केल्यानं काही बिघडत नाही. खूप जण उलटं करतात. आधी डोमेन, मग थीम, मग लोगो, आणि पहिल्या पोस्टमध्ये 'हॅलो, मी आजपासून लिहिणार आहे.' मग करार संपेपर्यंत शांतता.

जोडताना ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये कस्टम डोमेनमध्ये पत्ता 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सकट टाकायचा. तो एरर दाखवेल आणि दोन सीनेम रेकॉर्ड देईल. एरर बघून सोडून देऊ नकोस, तो एररच आपल्याला हवाय. ती दोन रेकॉर्ड जशीच्या तशी डोमेनवाल्याच्या डीएनएस पानावर कॉपी-पेस्ट करायची, हातानं टाइप करायची नाहीत. कधी दहा मिनिटांत चालू होतं, कधी एक-दोन दिवस लागतात. चालू झालं की एचटीटीपीएसचं बटण ऑन.

पोस्टच्या लिंकबद्दल एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर लिंकमध्ये नुसतं 'ब्लॉग पोस्ट' आणि पुढं एखादा नंबर टाकतो. तीस ओव्यांच्या तीस लिंक सारख्याच दिसतात, काही कळत नाही. पोस्ट पब्लिश करायच्या आधी पर्मालिंकमध्ये जाऊन कस्टम निवडायचं आणि रोमन लिपीत ओवीचे दोन-तीन शब्द लिहायचे. पब्लिश झाल्यावर बदललंस तर आधी पाठवलेल्या लिंक तुटतात.

ऑडिओ ब्लॉगरवर थेट चढत नाही. तो इंटरनेट अर्काइव्हवर टाक, तिथं खातं फुकट आहे आणि प्लेअरचा कोड मिळतो, तो पोस्टमध्ये चिकटवायचा. पण तिथं टाकलेलं जगाला दिसतं, त्यामुळे आजीला आधी विचार. नुसतं 'टाकू का' असं नाही, तर 'कुणीही, कुठूनही ऐकू शकेल, चालेल का' असं. ओव्यांमध्ये सासर-माहेरचं, भावकीचं बरंच काही असतं, एखादी ओवी तिला घरातच ठेवायची असेल. आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प नक्की बघ, लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आहे तो. ओवी, गाणारीचं नाव, गाव, तारीख, असं सगळं कसं नोंदवायचं ते तिथं शिकायला मिळेल. तारीख आणि गाव आत्ता लिही, नंतर आठवत नाही. हे मी सांगतोय.

आणि बॅकअप. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये 'बॅक अप कंटेंट' आहे, त्यातून एक फाइल डाउनलोड होते. त्यात पोस्ट आणि कमेंट येतात, फोटो येत नाहीत. फोटो आणि रेकॉर्डिंग वेगळे ठेवायचे, फोनमध्ये एक आणि फोनच्या बाहेर एक. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो. डोमेनची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाकलीय, आणि आत्यालाही सांगून ठेवलीय. ती माझ्यापेक्षा भरवशाची आहे. शक्य होईल त्या वर्षी दोन-तीन वर्षांचे एकदम भर.

तर हिशोब: डोमेनचे सातशे-आठशे, बाकी शून्य. उरलेल्या दोनशेचं मेमरी कार्ड बसतंय का बघ.

आजोबांची साइट आता नव्या पत्त्यावर आहे. जुना पत्ता मला परत मिळाला नाही, तिथं अजून रमीच आहे. बारा गोष्टी लावल्यात. त्या दोन हरवलेल्या गोष्टींची पानं मी काढून टाकली नाहीत. शीर्षक आहे, खाली मला जेवढं आठवतं तेवढं लिहिलंय आणि पुढं लिहिलंय की उरलेलं गेलं. मागच्या दिवाळीत त्या हँडब्रेकच्या पानाखाली एक कमेंट आली. आजोबांच्या बरोबर त्या काळात कंडक्टर असलेल्या एका गृहस्थांच्या मुलाची. त्यानं लिहिलंय, वडील आहेत, ऐकायला कमी येतं, पण सांगतात अजून. मी पुढच्या शनिवारी कराडला चाललोय. रेकॉर्डर घेतलाय, आणि हो, दोन.

भेटू पुढच्या भागात. ताई, पाच ओव्या झाल्या की लिंक पाठव.